दुसरा क्लिक

२०१९ च्या ऑगस्टमध्ये माझ्या बाबांनी विजेचं बिल दोनदा भरलं. एकाच दिवशी, एकाच मिनिटात, १,८४० रुपये दोन वेळा. पैसे बुडाले नाहीत, जादा रक्कम पुढच्या बिलात वळती झाली. पण बाबा आठवडाभर गप्प होते. एकतीस वर्षं ते बँकेत कॅशियर होते. संध्याकाळी रोकड जुळली नाही, असे दिवस त्यांच्या नोकरीत बोटांवर मोजण्याइतके.

कारण साधं होतं. बाबांना कंपवात आहे. माउसवरचं बोट एकदा खाली जातं, थरथरतं, आणि पुन्हा खाली जातं. त्यांच्या मनात एक क्लिक असतो, कॉम्प्युटरला दोन मिळतात.

मी पुण्यात वेब डेव्हलपर आहे. मला वाटलं, हे एका संध्याकाळचं काम. ब्राउझरमध्ये एक छोटं एक्स्टेन्शन टाकायचं. एक क्लिक झाल्यावर चारशे मिलिसेकंदांच्या आत दुसरा आला, तर तो मधल्या मधे गिळून टाकायचा. ते काम पाच वर्षं चाललं. माझी प्रत्येक चूक उकरायला गेले की खाली कुठलंतरी जुनं भांडण नाहीतर जुना अपघात सापडायचा. त्यामुळे ही गोष्ट जितकी बाबांची आहे, तितकीच क्लिकचीही आहे.

दाबणं आणि सोडणं

पहिला माउस १९६४ मध्ये तयार झाला. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये डग्लस एंगेलबार्ट यांची ती कल्पना, आणि बिल इंग्लिश यांनी ती घडवली. लाकडी ठोकळा, खाली दोन चाकं, वर एकच बटण. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत एंगेलबार्ट यांनी नव्वद मिनिटांचं प्रात्यक्षिक दिलं, तोवर बटणं तीन झाली होती.

बटणाला फक्त दोन गोष्टी कळतात: दाबलं आणि सोडलं. ‘क्लिक’ नावाची तिसरी गोष्ट हार्डवेअरमध्ये नाहीच. ती सॉफ्टवेअरने काढलेला निष्कर्ष आहे. ज्या ठिकाणी दाबलं त्याच ठिकाणी सोडलं, म्हणजे माणसाला हे हवं होतं, असं आपण मानतो. म्हणूनच चुकीचं बटण दाबलं गेलं, तर बोट न उचलता माउस बाजूला सरकवून मग सोडता येतं आणि काहीही होत नाही. पश्चात्तापाला ठेवलेली ही फट मला फार आवडते.

पण ती फट स्थिर हाताच्या माणसाला डोळ्यापुढे ठेवून बनवलेली आहे. बाबांचा हात दाबताना बटणावर असतो आणि सोडताना कधी कधी शेजारी. त्यामुळे बाबांच्या काही क्लिकचे दोन व्हायचे आणि काहींचा एकही व्हायचा नाही. काहीच झालं नाही म्हणून ते घाईने पुन्हा दाबायचे, आणि नेमके तेव्हा दोन जायचे.

वरून की खालून

वेबपानावरच्या क्लिकची कथा १९९५ मध्ये सुरू होते. नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी मे महिन्यात दहा दिवसांत एका भाषेचा पहिला नमुना लिहिला. तीच पुढे जावास्क्रिप्ट झाली. १९९६ मध्ये आलेल्या नेटस्केप नॅव्हिगेटर २ मध्ये बटणाच्या टॅगमध्येच ‘ऑनक्लिक’ असं लिहून पुढे आज्ञा देता यायची. मोडेमचे दिवस होते. फॉर्म सर्व्हरकडे पाठवून चूक परत येईपर्यंत वाट बघण्यापेक्षा पानावरच तपासणी व्हावी, एवढीच तेव्हाची गरज.

मग एक प्रश्न उभा राहिला. वेबपान म्हणजे जुन्या वाड्यासारखं असतं. दिंडी दरवाजाच्या आत चौक, चौकाच्या आत सोपा, सोप्याच्या आत माजघर, माजघरात कोनाडा, आणि त्या कोनाड्यात बटण. त्या बटणावर कुणी बोट ठेवलं, तर ती बातमी आधी कुणाला? दारावरच्या माणसाला की कोनाड्याला?

१९९७ मध्ये दोन कंपन्यांनी दोन उत्तरं दिली. नेटस्केप ४ म्हणाला, बातमी दारातून आत जाईल. मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्स्प्लोरर ४ चं म्हणणं होतं, ती कोनाड्यातून बाहेर येईल. पाण्यातला बुडबुडा वर यावा तशी, म्हणून त्याला ‘बबलिंग’ म्हणतात. नेटस्केपच्या पद्धतीला ‘कॅप्चरिंग’. दोघांपैकी एकाची निवड करण्याऐवजी वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने नोव्हेंबर २००० मध्ये दोन्ही मान्य केली. बातमी आधी दारातून आत जाईल, कोनाड्यापर्यंत पोचेल, आणि मग त्याच वाटेने बाहेर येईल. ‘ॲड इव्हेंट लिसनर’ हे फंक्शन त्याच मसुद्यातलं. त्यात तिसऱ्या जागी ‘ट्रू’ लिहिलं तर बातमी जाताना ऐकायची, काहीच लिहिलं नाही तर येताना.

मायक्रोसॉफ्टने आपली वेगळीच चूल मांडून ठेवली. त्यांचा ब्राउझर या नियमावर आला तो २०११ मध्ये, नवव्या आवृत्तीत. मधली दहा वर्षं आमच्या व्यवसायातली माणसं प्रत्येक क्लिकसाठी दोन प्रकारचा कोड लिहीत होती. जॉन रेसिग यांची जेक्वेरी २००६ मध्ये आली आणि एवढी पसरली, त्यामागे हाही एक वैताग होता.

तुमच्या हातातल्या फोनवर आत्ता तुम्ही कुठे बोट लावलंत, तर ती बातमी अजूनही याच दोन फेऱ्या करते.

माझी पहिली चूक नेमकी इथली. मी पानाच्या सगळ्यात बाहेरच्या टोकाला कान लावून बसले, पण तिसऱ्या जागी ‘ट्रू’ लिहिलं नाही. म्हणजे बातमी परत येताना मी ऐकत होते. तोवर ‘पैसे भरा’ या बटणाचं काम होऊन गेलेलं असायचं. दुसरा क्लिक मी बरोबर ओळखत होते, पण वरातीमागून घोडं घेऊन. शिवाय काही पानं बातमी मधेच अडवतात, बाहेर येऊच देत नाहीत. तेव्हा तर मला दुसरा क्लिक दिसायचाही नाही.

उपाय एका शब्दाचा होता: ‘ट्रू’. आणि दुसरी एक गोष्ट. एक्स्टेन्शनचा कोड साधारणपणे पान बरंचसं तयार झाल्यावर धावतो. मला पानाच्या स्वतःच्या कोडच्या आधी दारात उभं राहायचं होतं, म्हणून ‘डॉक्युमेंट स्टार्ट’ला धावण्याची सूचना मॅनिफेस्ट फाइलमध्ये लिहावी लागली. गिळण्याची क्रियाही एका सूचनेने होत नाही. ‘स्टॉप इमीजिएट प्रोपगेशन’ने बातमी थांबते, पण लिंक उघडणं किंवा फॉर्म जाणं हे ब्राउझरचं स्वतःचं काम असतं. ते थांबवायला ‘प्रिव्हेंट डीफॉल्ट’ वेगळं सांगावं लागतं. पुष्कळ एक्स्टेन्शनं या दोहोंतलं एकच लिहितात आणि मग ‘कधी चालतं, कधी नाही’ अशी तक्रार येते.

दुसऱ्याच्या घरात

एक्स्टेन्शन म्हणजे दुसऱ्याच्या घरात पाहुणा. किती आत जायचं, हे ठरायलाही एक अपघात व्हावा लागला.

२००४ च्या शेवटी ॲरन बूडमन यांनी फायरफॉक्ससाठी ग्रीसमंकी लिहायला घेतलं. कुठल्याही वेबसाइटवर तुमचा स्वतःचा छोटा कोड चालवायची ती सोय. साइटवर नसलेलं बटण लावा, नको ती जाहिरात काढा. लोक हरखून गेले. या कोडला ग्रीसमंकी काही खास अधिकारही देत असे, उदाहरणार्थ कुठल्याही दुसऱ्या सर्व्हरकडून माहिती मागवणं. जुलै २००५ मध्ये मार्क पिल्ग्रिम यांनी दाखवून दिलं की तुम्ही ज्या पानावर पाहुणे म्हणून गेलात, ते पानच हे अधिकार तुमच्या खिशातून काढून घेऊ शकतं, अगदी तुमच्या कॉम्प्युटरवरच्या फाइली वाचण्यापर्यंत. हे पिल्ग्रिम ग्रीसमंकीचे विरोधक नव्हते. ग्रीसमंकी शिकवणारं पुस्तक त्यांनीच लिहिलं होतं.

मग घाईघाईने ते अधिकार काढलेली आवृत्ती आली आणि नंतर पान व पाहुणा यांच्यामध्ये एक पडदा टाकला गेला. त्या पडद्यामुळे एक गंमत झाली. पानावरच्या बटणाला जुन्या पद्धतीने ‘ऑनक्लिक’ लावणं चालेनासं झालं. टॅगमध्ये आज्ञा लिहिली, तर ती पानाच्या जगात चालते, आणि तुमचं फंक्शन राहतं पडद्याच्या अलीकडे. बटण दाबलं की ‘असं फंक्शन नाही’. म्हणून ‘ॲड इव्हेंट लिसनर’ हाच मार्ग उरला.

क्रोम २००८ मध्ये आला आणि त्याची एक्स्टेन्शनं २०१० च्या सुरुवातीला. ती घडवणाऱ्यांत तेव्हा गूगलमध्ये असलेले बूडमनच होते. या वेळी पडदा नव्हे, भिंतच बांधली. एक्स्टेन्शनचा कोड आणि पानाचा कोड दोघांनाही तीच बटणं दिसतात, तेच क्लिक ऐकू येतात, पण एकमेकांची फंक्शनं दिसत नाहीत. २०१२ मध्ये दुसऱ्या पिढीच्या मॅनिफेस्टबरोबर एक्स्टेन्शनच्या स्वतःच्या पानांवरही टॅगमधलं ‘ऑनक्लिक’ बंद झालं. आजही एक्स्टेन्शन शिकणाऱ्या मुलांचा पहिला प्रश्न हाच असतो: माझ्या पॉपअपमधलं बटण दाबल्यावर काहीच का होत नाही? उत्तर २००५ च्या उन्हाळ्यात आहे.

खरा क्लिक, खोटा क्लिक

दरम्यान क्लिकला दुसरंच एक वजन आलं होतं. नव्वदच्या दशकात ट्रायपॉड या कंपनीत ईथन झुकरमन यांनी जाहिरात वेगळ्या खिडकीत उघडणारा कोड लिहिला, आणि २०१४ मध्ये त्याबद्दल जाहीर माफीही मागितली. तोवर त्या खिडक्यांनी जगाचा जीव नको केला होता. २००४ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोररनेही त्या अडवायला सुरुवात केली, तेव्हा ब्राउझरांनी एक निकष धरला: माणसाने क्लिक केला असेल तरच नवी खिडकी. आज आवाज सुरू करणं, पूर्ण स्क्रीन व्यापणं, क्लिपबोर्डवर लिहिणं अशा कितीतरी गोष्टींना तोच निकष कमी-अधिक लागतो. क्लिक म्हणजे संमतीची सही झाली.

सही आली की खोटी सहीही येते. २००८ मध्ये रॉबर्ट हॅन्सन आणि जेरेमाया ग्रॉसमन यांनी ‘क्लिकजॅकिंग’ हा शब्द रुजवला. वर एक निरुपद्रवी बटण दाखवायचं, त्यावर दुसऱ्या साइटचं बटण पारदर्शक करून ठेवायचं. माणूस एकावर बोट ठेवतो, सही दुसऱ्यावर होते. कोडनेही क्लिक बनवता येतो. तो ओळखायला प्रत्येक घटनेवर ‘इज ट्रस्टेड’ नावाची खूण असते. पानावरच्या कोडने बनवलेल्या क्लिकवर ती ‘फॉल्स’ असते. तुमचं एक्स्टेन्शन पानावर एखादं महत्त्वाचं बटण लावत असेल, तर ही खूण बघायलाच हवी, नाहीतर पानच ते बटण तुमच्या नकळत दाबेल.

मी ही खूण उलट कामासाठी वापरली. कोडने केलेले क्लिक माझ्या गाळणीतून तसेच जाऊ दिले. थरथर फक्त माणसाच्या हाताची असते.

आणि इथेच माझी सगळ्यात वाईट चूक झाली.

महिनाभराने बाबांचा फोन आला. आवाज उतरलेला. “अगं, तो चौकटीतला टिकमार्क काही होत नाही माझ्याच्याने. ‘अटी मान्य’वाला. हात जास्तच बिघडलाय वाटतं.”

मी सांगलीला गेले. शेजारी बसून पाहिलं. हात होता तसाच होता. बाबा चौकटीऐवजी तिच्या शेजारच्या अक्षरांवर क्लिक करत होते, कारण अक्षरं मोठी आणि चौकट बारीक. ते अगदी योग्य आहे, अक्षरं त्यासाठीच चौकटीला जोडलेली असतात. पण अक्षरांवर क्लिक झाला की ब्राउझर स्वतःहून चौकटीवर दुसरा क्लिक पाठवतो. हा दुसरा क्लिक बनावट नव्हे. तो नियमात बसणारा आहे आणि तोही क्षणार्धात येतो. माझं एक्स्टेन्शन त्याला थरथर समजून गिळत होतं.

“बाबा, हात नाही, माझा कोड बिघडलाय,” मी म्हणाले. ते हसले, पण माझी समजूत काढण्यासाठी मी खोटं बोलतेय असं त्यांना वाटलं असावं. महिनाभर ते एका चौकटीशी झगडत होते आणि दोष स्वतःच्या शरीराला देत होते.

त्यानंतर मी नुसती वेळ बघणं सोडलं. आता दोन्ही क्लिक एकाच घटकावर आहेत का, तेही बघते. अक्षरं हा एक घटक, चौकट दुसरा, म्हणून ती जोडी सुटते. त्यातही मेख होती. बटणात चित्र आणि शब्द वेगवेगळे असतात. थरथरता हात पहिला क्लिक शब्दावर करतो आणि दुसरा चित्रावर. म्हणून ज्यावर बोट पडलं तो बारीक तुकडा न धरता ‘क्लोजेस्ट’ने त्याच्या बाहेरचं बटण शोधावं लागतं.

बोटाचा क्लिक

२००७ च्या आयफोनने माउस काढून घेतला, पण वेबवरची कोट्यवधी पानं क्लिकची वाट बघत होती. म्हणून फोनचा ब्राउझर आधी स्पर्शाच्या घटना पाठवतो आणि मग पानाच्या समाधानासाठी क्लिकही पाठवतो. शिवाय दोनदा टॅप केल्यावर पान मोठं व्हायचं होतं. पहिला टॅप एकटा आहे की जोडीतला, हे कळायला ब्राउझर सुमारे तीनशे मिलिसेकंद थांबायचा. जुन्या फोनवर वेबपानं जड वाटायची, त्यात या थांबण्याचा मोठा हात होता. फोनच्या रुंदीला बसणाऱ्या पानांसाठी क्रोमने हे थांबणं २०१४ मध्ये काढलं, आयफोनच्या सफारीने २०१६ मध्ये.

तुमच्या-माझ्यासाठी ती सुटका होती. पण त्या तीनशे मिलिसेकंदांत माणसाला खरं काय हवंय याचा विचार करायला ब्राउझर थांबत होता. मी बाबांसाठी जे लिहीत होते, ते बरंचसं तेच होतं.

डुलकी लागणारा पहारेकरी

एके दिवशी बाबांनी विचारलं, “मला मुद्दाम दोनदा दाबायचं असेल तर?” कॅलेंडरमध्ये महिने मागे नेताना बाण भराभर दाबावा लागतो, आणि माझं एक्स्टेन्शन निम्मे क्लिक खात होतं. प्रश्न रास्त होता. कुठला क्लिक मनापासूनचा, हे ठरवायचा अधिकार मी त्यांच्याकडून घेतला होता. तो परत द्यायला ब्राउझरच्या पट्टीवरच्या चिन्हाला चालू-बंद करण्याची सोय दिली. तिथेही एक जुना नियम आडवा आला: चिन्हाला पॉपअप जोडला की चिन्हावरच्या क्लिकची घटना येतच नाही. मी पॉपअप काढून टाकला.

२०२१ मध्ये तिसऱ्या पिढीचा मॅनिफेस्ट आला आणि २०२४ पासून क्रोमने जुनी एक्स्टेन्शनं टप्प्याटप्प्याने बंद करायला घेतली. मीही माझं नव्या पद्धतीने लिहिलं. पूर्वी एक्स्टेन्शनचं मागचं पान सतत जागं ठेवता यायचं. नवा ‘सर्व्हिस वर्कर’ तीस सेकंद काम नसलं की झोपवला जातो. काम आलं की उठतो, पण आधीचं काही आठवत नाही. चालू की बंद, हे मी एका साध्या व्हेरिएबलमध्ये ठेवलं होतं. बाबा ‘बंद’ करायचे, वर्करला डुलकी लागायची, आणि उठल्यावर तो पुन्हा ‘चालू’.

बाबांनी हे मला पंधरा दिवस सांगितलंच नाही. त्यांना वाटलं, आपणच बंद करायला विसरतोय. कंपवातात पुढे विसरभोळेपणाही येऊ शकतो, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. आईने सांगितलं म्हणून मला कळलं.

दुरुस्ती चार ओळींची होती. स्थिती ‘स्टोरेज’मध्ये लिहायची, आणि क्लिक ऐकणारं फंक्शन फाइलच्या वरच्या पातळीवर, कशाचीही वाट न बघता नोंदवायचं, म्हणजे वर्कर उठताक्षणी ते जागेवर असतं. दस्तऐवजात हे स्पष्ट लिहिलेलं होतं. मी वाचलं नव्हतं.

चूक माझी आणि भोग त्यांचा, असं दोनदा झालं. म्हणून आता चिन्हावर एक छोटा आकडा दिसतो: आज किती क्लिक गिळले. साइटचं नाव नाही, बटणाचं नाव नाही, नुसता आकडा. बापाचा प्रत्येक क्लिक ऐकू शकणारं यंत्र लिहिल्यावर ते काय साठवत नाही, हेही मला ठरवावंच लागलं. एक्स्टेन्शन काही करत असेल तर ते दिसावं, एवढाच आकड्याचा हेतू होता.

गेल्या दिवाळीत घरी गेले, तर कॉम्प्युटरशेजारी एक वही. जुन्या सवयीने उभ्या रेघा मारलेली. तारीख, सकाळचा आकडा, संध्याकाळचा आकडा, आणि गोळी घेतल्याची वेळ. गोळीनंतरच्या दोन तासांत आकडा खाली येतो, हे बाबांनी स्वतःच शोधून काढलं होतं. वही ते डॉक्टरांना दाखवतात.

पानाच्या तळाशी रोजची बेरीज होती. मी एका दिवसाची ताडून पाहिली. जुळत होती.